फ्युशियाच्या तीन कळ्या

महाबळेश्वरच्या नर्सरीवाल्याने मला आधीच सांगितलं होतं, की ताई, फ्युशिया थंडीतलं झाड, पनवेलला आठ दिवसांत मान टाकेल. मला कोणी असं सांगितलं की ती वस्तू मी घेतेच. घाट उतरून पार पनवेलजवळच्या पळस्प्यापर्यंत कुंडी माझ्या मांडीवर होती आणि नवऱ्याची, केतनची, बॅग माझ्या पायाखाली.

आठ दिवसांचे चार महिने झाले. मोबाइलवर बघून आणि चुकत चुकत मी शिकले. शेंडे खुडले की फांद्या फुटतात. माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारी सावली. ऊन आमच्या गॅलरीत होतं आणि सावली समोरच्या फ्लॅटमधल्या गुलशनच्या स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत, कारण ती उत्तरेला. मी तिला भाभी म्हणते, ती मला वहिनी. आम्ही वाटणी केली: सकाळी झाड माझ्याकडे, नऊ वाजता तिच्याकडे, संध्याकाळी परत माझ्याकडे. सुकापूरच्या आमच्या बिल्डिंगचं या रोजच्या वरातीला हसूनही झालं होतं.

जानेवारी सरताना कळ्या आल्या. चांगल्या अकरा! लालचुटुक, कानातल्या डुलांसारख्या लोंबणाऱ्या. मी येताजाता मोजायची. मग एका सकाळी गॅलरीत दोन गळून पडलेल्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी भाभीकडे तीन. ऊन तर रोज चढत होतं. या गेल्या तर यंदा फूल नाही, आणि पुढच्या वर्षी झाडच असेल का, कोण जाणे.

मी नर्सरीवाल्याला फोन लावला. त्याने विचारलं, कुंडी हलवता का? म्हटलं, दोनदा.

"महिन्यातून?"

"रोज."

त्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. मग म्हणाला, कळ्या धरल्यावर या झाडाची जागा बदलायची नसते. एकीकडे ठेवा आणि हात लावू नका.

एकीकडे म्हणजे कुठे, हे मला लगेच कळलं होतं. तरी दिवसभर मी ते माझ्याच गॅलरीत ठेवलं, वर माझी जुनी ओढणी बांधून. चार महिने मी वाढवलेलं. पहिलं फूल माझ्या घरी उघडावं, एवढंच तर मागत होते. संध्याकाळपर्यंत आणखी तीन गळल्या. उरल्या तीन.

मी कुंडी उचलली आणि भाभीच्या बाल्कनीत नेऊन ठेवली. ठेवली, पण तशीच वाकून उभी राहिले.

"वहिनी," ती म्हणाली, "कुंडी ठेवलीस, आता हात तरी सोड."

गारवा राहावा म्हणून तिने ग्रिलला ओलं गोणपाट बांधलं. पुढचे सहा दिवस मी कढीपत्ता मागायला गेले, वाटी परत द्यायला गेले, दिलेली वाटी पुन्हा मागायला गेले. केतन म्हणाला, तिकडेच राहायला जा, डबा पाठवतो. कळ्या फुगत होत्या. एकही पडली नाही.

सातव्या दिवशी सकाळी भाभीचा फोन आला. नुसतं "ये" म्हणाली. मी एका पायात माझी, एका पायात केतनची चप्पल घालून धावले. बाल्कनीच्या दारात ती झाडाकडे पाठ करून बसली होती.

"नमाज झाली आणि बघितलं तर कळीला फट पडलेली. पुढचं बघितलं नाय मी. चार महिने तू केलंस, पहिलं तू बघायचं."

तिचा खांदा धरून मी तिला वळवलं. आमच्यासमोर वरची एक लाल पाकळी हळूच सुटली, मागे वळली, मग दुसरी. आत गर्द जांभळा घेर, त्यातून लांब गुलाबी तंतू खाली सुटलेले. भाभीने तोंडावर हात ठेवला. मी तिचा दुसरा हात इतका आवळला होता, की नंतर बघितलं तर बोटांचे वळ.

केतन आमच्या दारातून विचारत होता, चहा इकडे होणार की तिकडे. मी म्हटलं, आपला इकडेच घेऊन ये आणि येताना स्टूल आण. दुसऱ्या कळीलाही फट पडायला लागली होती.