भिंतीतलं तांबं

आमच्या गल्लीतली सगळी घरं कचऱ्याची आहेत. ही तक्रार नाही. तांब्याच्या खाणीतून वर आलेल्या दगडात तांबं पुरेसं नसलं की त्याला कचरा म्हणतात, आणि आमच्या भिंती त्याच दगडाच्या आहेत. खाणीतल्या माणसाचं लग्न ठरलं की कंपनी टिपरभर कचरा आहेर म्हणून पाठवायची. टिपर दारात ओतून निघून जायचा आणि नवरा, नवरी, व्याही, जो कोणी रिकामा सापडेल तो दगड रचायला लागायचा. कंपनीच्या फाटकावर अजून एक पाटी आहे, तीत या आहेराचा ‘कामगारांच्या जीवनाचा पाया’ असा उल्लेख आहे. पाया आम्हीच खणला होता, पण पाटीवर जागा कमी पडली असेल.

दगड मजबूत आहे, फक्त घामट. हवा दमट झाली की भिंतींवर हिरवे ओघळ उतरतात. पाहुणे त्याला शेवाळ समजतात आणि मायेने चुन्याचा सल्ला देतात. ते तांबं असतं. बायका ओल्या फडक्याने पुसतात, चार दिवसांनी ते परत येतं.

सगळ्यांत हिरवी भिंत मावशीच्या स्वयंपाकघरातली. ती साऱ्या गल्लीची मावशी. तिच्याहून थोरले लोकही तिला मावशीच म्हणतात, कारण दुसरं काही म्हणायची हिंमत होत नाही. तरुणपणी ती खाणीच्या पट्ट्यावर होती. सरकत्या पट्ट्यावरून दगड यायचे, मालाचा पुढे जाऊ द्यायचा, कचरा उचलून बाजूला फेकायचा. म्हणजे तिच्या घराची भिंत तिने आधी स्वतःच्या हाताने नापास केली आणि मग त्याच भिंतीला पाठ टेकून संसार केला.

तिचे यजमान म्हणजे ड्रिलवाले काका. जमिनीखाली सुरुंगाची भोकं पाडण्यात त्यांची उमर गेली. आता ते खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसलेले असतात, कारण आडवं झालं की श्वास पुरत नाही. छातीत दगडाची भुकटी बसली आहे, असं शहरातल्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढून सांगितलं. कंपनीच्या डॉक्टरांनी तोच फोटो उजेडात धरला आणि हा चुलीचा धूर आहे, खाणीतून असलं काही बाहेर येतच नाही, असा निर्वाळा दिला.

“यांनी जन्मात चुलीवर पाणी तापवलं नाही,” मावशी म्हणाली होती. “धूरच यांना शोधत गेला असेल.”

पुढे तांब्याचा भाव चढला. भाव चढला की कचऱ्याची व्याख्या बदलते. काल ज्याला कोणी विचारत नव्हतं त्याला आज माल म्हणतात. कंपनीने आधी खाणीमागची कचऱ्याची टेकडी उकरून दगड दळायच्या गिरणीत घातली. टेकडी संपली तेव्हा कंपनीने मान वळवली आणि तिला आमची गल्ली दिसली.

मावशीचं घर कोपऱ्यावर, म्हणून सुरुवात तिथून झाली. पुनर्प्राप्ती विभागाचे साहेब आले. सोबत खडकांची जाणकार असलेली एक तरुण ताई होती आणि तिच्या हातात पिस्तुलासारखं यंत्र. शेजारचे पंपवाले, म्हणजे खाणीतलं पाणी उपसणारे, साखर मागायच्या निमित्ताने आत येऊन बसले. मीही बसलो, निमित्त न शोधता.

ताईने यंत्र भिंतीला टेकवलं.

“गोळी घालणार की काय भिंतीला?” मावशीने विचारलं.

“नाही मावशी, आत कुठला धातू किती आहे ते कळतं,” ताई म्हणाली. यंत्र वाजलं. तिने आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि साहेबांना दाखवला. साहेबांच्या चेहऱ्यावर मुलगी पसंत पडल्याचे भाव आले.

“मावशी, अभिनंदन,” ते म्हणाले. “तुमची भिंत उत्तम आहे.”

“मला ठाऊक आहे. रोज पुसते.”

“म्हणजे असं, की ती आम्हाला हवी आहे. सगळी गल्लीच. तुम्हाला नवीन वसाहतीत खोली मिळेल, सिमेंटची. ओघळ नाहीत, पुसापुशी नाही.”

“आणि आहेर?”

“कसला आहेर?”

“ही भिंत. तुमच्या कंपनीने आमच्या लग्नात दिली. पाटी आहे फाटकावर. आहेर परत मागायला आलेले पाहुणे मी आजच बघते आहे.”

पंपवाले हसले आणि साखर घ्यायची विसरले.

साहेब चिडले नाहीत, त्यांना तसं प्रशिक्षण असावं. “दगड तुमचाच आहे, मावशी. तो दिलेला आहे, कोणी नाकारत नाही. दगडातलं खनिज मात्र कंपनीचं. तसा करार आहे.”

“मग खनिज काढून घ्या. दगड जागच्या जागी राहू द्या.”

“तसं कसं होईल? त्यासाठी दगड फोडावा लागतो.”

“ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या दगडाला धक्का लागता कामा नये.”

खाटेवरून काकांचा खोकला सुरू झाला. काका हसले की खोकतात, म्हणून आम्ही त्यांच्यासमोर सहसा विनोद करत नाही. मावशीने पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि खोकला थांबेपर्यंत ती पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग वळली, आणि या वेळी तिचा आवाज अगदी मऊ होता. हा आवाज गल्ली ओळखते. पंपवाले सरसावून बसले.

“साहेब, मला कमी कळतं, नीट सांगा. खाणीतून निघालेलं खनिज कंपनीचं. कुठेही असलं तरी?”

“कुठेही असलं तरी.”

“कोणाच्या घरात असलं तरी?”

“घर कोणाचंही असो. ते आमच्या खाणीतून आलंय, एवढं पुरे.”

मावशीने कपाटावरून काकांच्या छातीचा फोटो काढला, पदराने धूळ पुसली आणि खिडकीच्या उजेडात धरला. काळ्यावर पांढरे ठिपके, अंगणात तांदूळ सांडावेत तसे.

“मग हेही न्या,” ती म्हणाली. “भिंतीच्या आधी हे. हेही तुमच्याच खाणीतलं.”

साहेबांनी फोटो हातात घेतला नाही.

“पोरी, ते यंत्र इकडे आण,” मावशी ताईला म्हणाली. “यांच्या छातीला लाव. इथेही आकडा येतो का बघू.”

“माणसावर धरायचं नसतं हे,” ताई हळूच म्हणाली. “इजा होते काकांना.”

“आता व्हायची राहिलीय का?” काकांनी विचारलं.

ताईने यंत्र बंद केलं आणि पिशवीत ठेवून दिलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, तिने काकांच्या उशीकडे.

“हे बघा, हा कंपनीच्या आरोग्य खात्याचा विषय आहे,” साहेब म्हणाले.

“ते खातं म्हणतं, खाणीतून काहीच बाहेर येत नाही. तुम्ही म्हणता, गल्लीभर पसरलंय. तुम्ही दोघं एकदा एकमेकांच्या घरी जाऊन या. चहा घ्या. काय ठरलं ते मला सांगा. भिंत तुमची असेल तर यांच्या छातीतलंही तुमचं, आणि ते लिहून घेऊन या. छातीतलं तुमचं नसेल, तर ही भिंत माझ्या चुलीच्या धुराची आहे. तिला हात लावायचा नाही.”

“मावशी, अशाने यंत्रं आणावी लागतील. पाडापाडी होईल.”

“आणा की. मी घरीच असते. यांना सोडून कुठे जाऊ?”

साहेब उठले. दारात त्यांनी भिंतीवर हात टेकला. सवय असते माणसाला. हात हिरवा झाला. तो कुठे पुसावा, हे त्यांना गाडीपर्यंत सुचलं नाही.

आमच्या गल्लीत असे फोटो घरोघरी आहेत. कपाटावर, गादीखाली, देवाच्या तसबिरीमागे. आपल्या माणसाच्या छातीत काय आहे हे पाहुण्यांना दाखवत नाहीत, म्हणून ते लपवलेले असत. पंपवाले त्या संध्याकाळी घरी गेले आणि त्यांनी आपल्या वडिलांचा फोटो काढून रस्त्याकडच्या खिडकीला चिकटवला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण फोटो चांगला टिकला होता. त्यांचं बघून पुढच्या घराने लावला. मग काय, आमच्या गल्लीत एकाने पडदा बदलला की सगळ्यांना बदलावा लागतो.

पाडायची यंत्रं आली तेव्हा पुढे साहेबांची गाडी होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून छात्याच छात्या बघत होत्या, कोपऱ्यावरच्या घरापासून पार टोकापर्यंत. साहेब खाली उतरले. मावशी दारात फडकं घेऊन उभी होती.

“लिहून आणलंत?” तिने विचारलं.

साहेबांनी फोन काढला आणि ते पाठ फिरवून बराच वेळ कोणाशी तरी बोलले. मग गाडी मागे गेली. यंत्रांना वळायला जागा नव्हती, म्हणून तीही उलटीच गेली, पीं पीं करत. ती परत येणार, हे आम्हाला ठाऊक आहे. खिडक्या जागच्या जागी आहेत.

मावशी आत गेली. काकांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

“अगं, फोटो उलटा लावलायस. माझं काळीज उजवीकडे गेलंय.”

“आतून बघताय तुम्ही,” मावशी म्हणाली. “बाहेरून बरोबर दिसतं.”

तिने फडकं खुंटीला अडकवलं. भिंतीवरचा हिरवा ओघळ ओट्यापर्यंत आला होता. तो तिने पुसला नाही.