पडद्यावरचे ठोके

सूतगिरणीतली नोकरी सोडून उदयसिंह श्वास शिकवायला निघाला होता. शाहूपुरीतल्या हॉलमध्ये आज फुकट प्रात्यक्षिक होतं. लोकांना पटलं तरच वर्ग सुरू होणार होता. त्यानं पडदा लावला, बोटाला अडकवून हृदयाचे ठोके त्यावर दाखवणारं यंत्र जोडलं, पण बोट द्यायला कुणी उठेना. भांडायला दहा जण पुढं येतील, पण आपले ठोके चारचौघांत कोण दाखवणार? शेवटी त्यानं आपल्या आईलाच, बनाबाईंना, खुर्चीवर बसवलं.

पडद्यावर आकडा उमटला, ९४.

"हळूच श्वास घ्या. सोडताना त्याहून सावकाश सोडा," उदयसिंह सगळ्यांना म्हणाला. शिकवताना त्याचा आवाज लोण्यासारखा मऊ व्हायचा. श्वास लांबला की हृदयाची घाई कमी होते, असं त्यानं समजावलं आणि आकडा खरंच उतरू लागला. ८८. ८१. ७५.

"आयला, खरंच की!" पुढच्या रांगेतले आण्णा म्हणाले.

तेवढ्यात बनाबाईंनी पदर सावरला आणि यंत्र सरकलं.

"आगं, हात हलवू नको म्हटलंय न्हवं तुला!"

हा त्याचा घरचा आवाज. आमच्यात माया पण वरडूनच करतात, असं तो बायकोला ऐकवायचा. आकडा ११२ झाला.

"यंत्राचं काहीतरी बिनसलंय," तो हसत म्हणाला. त्यानं पुन्हा श्वास घ्यायला लावले, आकडा पुन्हा उतरला. मग यंत्र नीट बसवायला तो नुसता आईजवळ गेला. एक शब्द बोलला नाही. १०९.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"मास्तर, तुमी जवळ गेलासा की वाढतंय," आण्णा म्हणाले.

"न्हाय वो," बनाबाई घाईनं म्हणाल्या, "मला सकाळधरनंच धडधडतंय. लई गुणाचं हाय माजं पोरगं."

बोलता बोलता आकडा आणखी चढला. सगळे बघत होते.

उदयसिंहाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी त्याची गाडी दारात थांबली की आई टीव्ही बंद करून उठायची. त्याला तो इतकी वर्षं मान वाटत होता. आईकडं बघायचं धाडस होईना.

तो मागं सरकला. खुर्च्यांच्या कडेकडेनं दारापर्यंत गेला आणि तिथूनच पडद्याकडं बघत राहिला. आता श्वास कसा घ्यायचा ते कुणी सांगत नव्हतं. तरी आकडा उतरत होता.

७२. त्यानं शिकवूनही तो एवढा खाली आला नव्हता.