आराबानं अंगावर घेतलेली शपथ

कॅनडातल्या विनिपेगच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये नागपूरची बेबी रामटेके आणि घानाची एफुआ रोज एकत्र डबा खायच्या. २०१०च्या डिसेंबरात एफुआचा डबा न उघडताच परत जाऊ लागला, तेव्हा बेबीनं खोदून विचारलं.

एफुआच्या शहरात, केप कोस्टला, वॉर्डाची निवडणूक होती. एका उमेदवारानं बायकांना तांदूळ वाटले आणि खाडीच्या देवीपुढे उभं करून मताची शपथ घ्यायला लावली. शपथ मोडली तर पोर दगावेल, या धास्तीनं बायका गप्प होत्या. एफुआची आई आराबा त्या देवीची पुजारीण.

"आमच्याकडे मतासाठी देवाचा भंडारा उचलायला लावायचे. सेम!" बेबी म्हणाली. ती आंबेडकरी घरातली, तिला असल्या गोष्टींची चीड. "सरळ सांग ना त्यांना, देवी-बिवी काही नसते."

"मी इथे हीटरपाशी बसून काहीही सांगेन गं," एफुआ म्हणाली. "पोर त्यांच्या कडेवर आहे."

बेबीनं आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवली.

मतदानाच्या आदल्या रविवारी एफुआ बेबीकडे चहाला आलेली असताना आराबाचा फोन आला. एफुआ ऐकता ऐकता रडायला लागली. मग तिनं सांगितलं.

देवळातून हाकलून देऊ, अशी धमकी उमेदवाराच्या माणसांनी आराबाला दिली होती. तरी ती भर बाजारासमोर, त्यांच्याच देखत खाडीत उतरली. बायकांना म्हणाली, "तुमच्या शपथा मी माझ्या अंगावर घेतल्या. काय व्हायचं ते मला होईल. मत तुमच्या मनाला येईल त्याला द्या."

"तिचा खरंच विश्वास आहे देवीवर?" बेबीनं विचारलं.

"पूर्ण."

बेबीनं हातातला कप खाली ठेवला. देवी न मानणारीला हे बोलायला काहीच लागलं नसतं. या बाईनं तर जीवच पणाला लावला होता.

उमेदवार पडला. महिन्याभरात आराबाचं पुजारीपण गेलं, आणि ती त्याच बायकांबरोबर मासळी धुरावर सुकवायला बसू लागली.

एप्रिलमध्ये विनिपेगच्या आंबेडकर जयंतीला बेबीनं स्टेजवरून आराबाची गोष्ट सांगितली.

"पुजारणीचं कौतुक? आपल्या स्टेजवर?" ती खाली उतरताच जयंती भरवणाऱ्या भगवानदादांनी विचारलं.

"हो दादा," बेबी म्हणाली. "आपल्याच स्टेजवर."