बोक्याची जांभई

न्हाणीघरात उलटी घालून ठेवलेली बादली.

तोफांची सलामी चालू असताना कानात बोटं घालून उभा राहिलेला मुलगा. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तोच फोटो.

"तुझे बाबा देश चालवतात. तू काय चालवतोस?"
"तीनचाकी. ती पण मोडलीय."

लाल पेन्सिल. मागच्या टोकाला दातांच्या खुणा.

तर हा माझा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला बोका म्हणत, कारण दिसेल तिथे तो अंगाचं मुटकुळं करून झोपे. बाबा पंतप्रधान होते. प्रत्येक भाषण ते आधी न्हाणीघरात म्हणून बघत. तिथे आवाज सभागृहासारखा घुमतो, असं त्यांचं म्हणणं. समोर बादलीवर बोका. त्याला जांभई आली की तो परिच्छेद बाद. बाबा तिथल्या तिथे लाल पेन्सिल ओढत.

"अरे, हे धरणाचं आहे. महत्त्वाचं आहे."
"मग मला कशाला विचारता?"

कार्यालयात सेक्रेटरी कपाळाला हात लावत. "साहेब, धोरणाचा अख्खा भाग कोणी उडवला?"
"वरून आदेश आला," बाबा म्हणत.

आठव्या वर्षी बोक्याला मेंदूज्वर झाला. चार दिवसांत सगळं आटोपलं.

त्यानंतरचं पहिलं भाषण सेक्रेटरींनी लिहून आणलं आणि जेवणाच्या टेबलावर आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं. शेवटी होतं, 'माझा पुत्र गेला, पण आजपासून देशातलं प्रत्येक मूल माझं आहे.'

आई म्हणाली, "प्रत्येक मूल घ्या. हा तेवढा माझ्याकडे राहू द्या."
"वहिनी, सगळा देश रडेल."
"रडू दे की. दुसऱ्या कशावर तरी रडू दे. आज भाषणात गेला की उद्या पाठ्यपुस्तकात जाईल, परवा चौकात उभा कराल. मग घरात काय उरेल त्याचं?"

सेक्रेटरींनी बाबांकडे पाहिलं. बाबा मीठदाणी सरकवत बसले.

सकाळी न्हाणीघरातून त्यांचा आवाज येऊ लागला. आई हातातलं काम टाकून आत गेली आणि बादलीवर बसली. गुडघे पार हनुवटीला टेकले. मी दारात उभी होते. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, खाकरले, पुढे वाचत राहिले. रस्ते झाले. शाळा झाल्या. धरण तर लांबतच गेलं; आई हूं की चूं न करता ऐकत होती.

"माझा पुत्र..." बाबांनी सुरुवात केली.

आईने जबडा दुखेल एवढी मोठी जांभई दिली.

बाबा थांबले. "आली, की आणलीस?"
"आणली. खोडा आता."

ते टबाच्या कडेवर बसले. कागद मांडीवर ठेवला. पेन्सिल सापडेना, तेव्हा आईनेच त्यांच्या वरच्या खिशातून काढून दिली. रेघ वाकडी गेली, पण गेली.

भाषणात रस्ते होते, शाळा होत्या, धरण होतं. एका पेपराने लिहिलं, या माणसाचं काळीज दगडाचं आहे. आईने त्या पानावर वाटाणे सोलले.

बोका जन्मला त्या दिवशी बाबा दौरा रद्द करून घरी थांबले होते. ते कुठल्याच पेपरात आलं नव्हतं.