माझ्या तोंडाशी बसवलेला कठडा

मित्रांनो, मी एक जुना धातुशोधक आहे. डेन्मार्कमधल्या एका पावाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर चौकटीसारखा उभा असतो. काळ्या पावाच्या पिशव्या माझ्या पोटातून पुढे जातात. एखाद्या पावात धातूचा कण असला तर मी ओरडायचे, पट्टा थांबवायचा, एवढेच माझे काम. ते मला धड करू दिले असते, तर सांगण्यासारखे फारसे काही घडलेच नसते.

जिथे मी घडलो तिथे माझे फार कौतुक होते. मोहरीहून बारीक कण दाखवला तरी मी ओळखत असे. मग मला खोक्यात बांधून इकडे पाठवले आणि बसवायला ईवार नावाचा कारागीर आला. त्याने माझे पाय जमिनीत पक्के केले, मी सरळ उभा आहे ना ते पुन्हा पुन्हा पाहिले आणि माझ्या दोन्ही बाजूंना खडूने रेघा मारल्या.

"या रेघांच्या आत लोखंड नको," तो कारखान्याच्या व्यवस्थापकाला, प्रेबेनला म्हणाला. "त्यातून हलणारं तर अजिबात नको."

"अरे, पट्टा इथेच वळतो. कठडा नसला तर पाव खाली पडतील."

"मग प्लास्टिकचा लाव."

"तो यायला वेळ लागेल. लोखंडी एक गोदामात पडलाय. सोमवारी माल निघायला हवा, ईवार."

"मग सोमवारपासून हा बोंबलणार. तेव्हा मला फोन करू नकोस."

ईवार हत्यारे आवरून निघून गेला. त्याची पाठ वळताच प्रेबेनने माझ्या तोंडाशी तो गंजका कठडा ठोकून घेतला. एक बोल्ट नीट बसेना, तर तसाच सैल सोडून दिला.

पट्टा सुरू झाला की कठडा थरथरायचा, आणि तो थरथरला की मी ओरडायचो. पट्टा थांबायचा आणि चांगले पाव बाजूच्या, खराब मालाच्या पेटीत ढकलले जायचे. पिशव्या भरणाऱ्या बीर्तेला दर वेळी हातातले काम टाकून यावे लागे. पाव उघडून पाहावा, काही सापडू नये, पट्टा पुन्हा सुरू करावा, की मी पुन्हा ओरडायचो.

"परत कोकलला बघ," ती म्हणायची. "याच्यापेक्षा माझी सासू बरी. ती निदान कारण सांगून ओरडते."

मला कारण सांगता येत नव्हते, मित्रांनो. मला एकच आवाज दिलेला आहे. खऱ्या धातूसाठी तोच, आणि त्या मेल्या कठड्यासाठीही तोच.

शेवटी बीर्ते वैतागली. "प्रेबेन, एक तर याला गप्प कर, नाही तर मला घरी पाठव."

प्रेबेनने एक कळ फिरवून माझी जाण कमी केली. कानात बोळे कोंबल्यासारखे झाले मला. "आता कसा शहाण्यासारखा वागतोय," लोक म्हणू लागले. या कारखान्यात माझी झालेली ती पहिली स्तुती, आणि तिचाच मला सर्वांत जास्त संताप आहे.

एका सकाळी पाव कापणाऱ्या यंत्राला नवे पाते लावले. त्यानंतर एका पिशवीतून काहीतरी पुसटसे गेल्याचे मला जाणवले, पण ओरडता आले नाही. दुपारी बीर्ते त्याच पिशवीतल्या कापांवर, इकडे लोण्यासारखे लावतात ते यकृताचे वाटण फासून जेवायला बसली. दुसऱ्याच घासाला ती थांबली. तोंडातून पोलादाची एक चीप काढून तिने तळहातावर ठेवली आणि तडक यंत्राचे झाकण उघडले. पात्याचा दात तुटलेला होता.

"अर्धाच तुकडा मिळालाय," ती प्रेबेनला म्हणाली. "उरलेला कुठाय?"

बाहेर गाडी भरत होती. पाव बालवाड्यांना जायचे होते.

"खाली कुठेतरी पडला असेल."

"असेल नको मला. गाडी थांबव."

सगळा माल परत आला. प्रेबेनने माझी जाण पूर्ववत केली, आणि पहिल्याच पिशवीला मी ओरडलो. दुसरीलाही ओरडलो, तिसरीलाही. प्रेबेनने माझ्या डोक्यावर थाड्कन हात मारला. बीर्ते मात्र कठड्याकडे पाहत होती. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी गप्प. सोडला, की मी ओरडलो.

"हा खोटं बोलत नव्हता रे," ती हळूच म्हणाली. "आपणच याला बोलायला लावत होतो."

प्रेबेनने मान खाली घातली आणि ईवारला फोन लावला. "काढ तो आधी," पलीकडून एवढेच उत्तर आले.

कठडा निघाला. प्रेबेनने मनगटातले घड्याळ काढले, बीर्तेने अंगठी काढली, आणि वळणावर उभे राहून दोघे हातांनी पाव सावरू लागले. एकामागून एक पिशव्या माझ्यातून गेल्या. मी शांत होतो. गाडीतला बराच माल संपला, आणि मग मी ओरडलो.

कोणी वैतागले नाही. बीर्तेने पिशवी फाडली, एकेक काप मोडत गेली. एका कापात तो तुकडा होता. तिने तो आधीच्या चिपेला जोडून पाहिला. दात पुरा झाला. प्रेबेनने गाडी पुन्हा भरायला सांगितली.

पुढे प्लास्टिकचा कठडा आला. पण माणसे बदलली आणि जुनी सवय परतली. आजही मी ओरडलो की नवा माणूस आधी माझी जाण कमी करणाऱ्या त्या कळीकडे धावतो. मित्रांनो, मला शाबासकी नको, तेलपाणीही नको. कोणी ओरडत असेल तर त्याला गप्प करण्याआधी एकदा वाकून बघा, त्याच्या तोंडाशी तुम्ही काय ठोकून ठेवले आहे. आणि मग पाव उघडून बघा.