मामाची जागा

लालबागच्या चाळीत लवूच्या पोटात दुखायला लागलं ते जयवंतच्या विमानाच्या तिकिटामुळे. जयवंत त्याचा चुलतभाऊ, फोर्टातल्या कंपनीत कारकून. साहेबाचे कागद घेऊन तो दिल्लीला निघाला होता, आणि तेही नेमकं भाची राधाच्या दिल्लीतल्या लग्नाच्याच दिवशी! सकाळी सहाला सांताक्रूझहून उडायचं, सव्वानऊला दिल्ली. सव्वासातशे मैल, सव्वातीन तास. चाळीत जो तो हेच घोकत होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज दिल्लीच्या नावाने शिमगा करणारी माणसंही विचारीत, "विमानात चाय देतत काय रे?"

पण राधाचा सख्खा मामा लवू. राधाची आई अंबिका त्याची पाठची बहीण. अंतरपाटाशी नवरीच्या मागे मामा उभा राहतो, आणि ती मामाने दिलेली पिवळी साडी नेसून बोहल्यावर चढते. ही साडी लवूने हिंदमाताच्या कापडबाजारातली अकरा दुकानं पालथी घालून आणली होती.

नुकतीच बाळंत झालेली बायको लक्ष्मी घरीच राहणार होती. ती म्हणाली, "गाडीचा काय खरा नाय. साडी जयवंत भावजींकडे दिया."

"माझी साडी माझ्याच हातान जातली!" लवू कडाडला.

त्याचा हिशोब पक्का होता. मेल चोवीस तासांची. आदल्या दिवशी सकाळी सातला निघालं की लग्नाच्या दिवशी सातला दिल्ली. मुहूर्त साडेदहाचा. म्हणजे विमानाच्या आधी तब्बल सव्वादोन तास! गिरणीत खाडे टाकून तो निघाला तो जिंकल्यासारखाच.

मथुरेच्या अलीकडे पुढची मालगाडी घसरली आणि मेल पहाटेपासून जागच्या जागी उभी राहिली. नऊच्या सुमारास डोक्यावरून एक विमान गेलं. त्यात जयवंतच बसलाय, याबद्दल लवूला तिळमात्र शंका नव्हती. साडीची ट्रंक मांडीवर घेऊन तो रुळाकडेच्या खडीवर बसला. उशिराचं दुःख होतंच, पण आपल्या जागी जयवंत उभा राहणार, या विचाराने त्याचा जीव जळत होता. त्याचंही विमान अडकू दे, असं लवूच्या मनात येऊन गेलं. मग भाचीच्या मागे कुणीच नसेना का!

गाडी दिल्लीला लागली तेव्हा तीन वाजून गेले होते. फलाटावर जयवंत उभा.

"दादा, चल लवकर. भटजींना गोरज मुहूर्त धरायला लावलाय. वरपक्षाचे पाय धरले. राधा सकाळपासून उपाशी आहे."

"तू कशाक नाय उभो रवलस?"

"मी? जागा तुझी आहे, दादा."

लवूने त्याला मिठी मारायला हवी होती. त्याने ट्रंक दुसऱ्या हातात घेतली. विमान एकवेळ तो विसरला असता. हे उपकार कसे विसरायचे?

सूर्य टेकताना राधा पिवळी साडी नेसून अंतरपाटाशी आली. लवू तिच्या मागे ताठ उभा राहिला. राधाने मान वळवली. हळूच म्हणाली, "मामा, जयवंतमामांना पण जवळ बोलवा ना."

लवूने जयवंतला हाक मारली आणि बाजूला सरकला. पण वीतभरच.