पाच खुर्च्यांची सभा

"अजून पाच मिनिटं," सिस्टर म्हणाल्या.

"पाच-पाच मिनिटं करत बारा वाजले की हो," टर्नर म्हणाला. "बरं, तोवर हे तरी बघा."

वाचनालयाच्या मागच्या खोलीत खुर्च्या पाच होत्या आणि माणसं दोन. टर्नरने खिशातून कापडाची पुरचुंडी काढून उलगडली. आत दोन नळ्यांची टोकं होती, एक पिवळं, एक पांढरं. सिस्टरांनी ती एकमेकांत घालून पाहिली. तिरकी केली, पिळली, अंगठा लाल होईपर्यंत दाबली. बसेनात.

"आता खुद्द मी दाबलं तरी जायचं नाही," टर्नर म्हणाला. "सतरावा नमुना आहे. बायको म्हणते, तिच्या मिक्सरच्या भांड्याला वेळ नाही आणि सिस्टरांच्या नळ्यांना आहे."

निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. घरी धाकटी जाऊसुद्धा. तीन वर्षांपूर्वी लोकांचे उंबरे झिजवून त्यांनी हा गट जमवला होता. कॉलेजातले सर, हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, लेथवर सुटे भाग घडवणारा हा टर्नर आणि नळ्या बनवणाऱ्या कंपनीतले एक गृहस्थ. हे गृहस्थ कशालाच नाही म्हणत नसत, म्हणून टर्नरने त्यांचं नाव 'होहो' ठेवलं होतं. काम बिनपगारी, चहासुद्धा ज्याचा त्याने आणायचा. मागणं एवढंच, की पोटात दूध सोडायची नळी आणि शिरेत सलाइन सोडायची नळी, यांची टोकं एकमेकांत बसता कामा नयेत, असं देशाच्या मानकांत लिहिलं जावं.

एकट्याचं पत्र फायलीत जातं, गटाचा ठराव आणा, असं मानक कार्यालयाने सांगितलं होतं. गटाचे नियम सिस्टरांनी स्वतः लिहिले. पाचांपैकी तिघं हजर हवेत. नमुना हातात घेतल्याशिवाय कुणाची संमती धरायची नाही. आणि सलग तीन सभा माणसांअभावी बुडाल्या, तर गट बंद. नुसत्या लेटरहेडवर जगणाऱ्या समित्या त्यांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या.

दोन आधीच बुडाल्या होत्या, आजची तिसरी. तंत्रज्ञ परदेशी गेला, सर लेकीच्या बाळंतपणाला. ठराव द्यायची मुदत सोमवारी संपत होती. त्यानंतरची संधी थेट पाच वर्षांनी. सिस्टरांना एकाहत्तरावं लागलं होतं.

त्यांनी होहोंना फोन लावला.

"हो हो, सिस्टर, निघालोच होतो. पण साहेब म्हणाले, सगळे साचे बदलावे लागतील, इतक्यात नको. मी विरोध नाही हं करत. मी फक्त येत नाही."

"एक सही, भाऊ."

"तुम्ही मला मोठ्या बहिणीसारख्या. पण माझी अजून चार वर्षं नोकरी आहे हो."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आवाज बसलाय तुमचा. वाफ घ्या."

फोन ठेवल्यावर टर्नर पुढे सरकला. "मी काय म्हणतो, सरांचं नाव लिहा. परवा तेच म्हणाले फोनवर, मी नसलो तरी माझं नाव घाला म्हणून. कोण येतंय बघायला?"

सिस्टरांनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं. सरांच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायला हात टेकवला आणि तिथेच थांबला.

सव्वीस वर्षांपूर्वी, ड्यूटी बदलायच्या गडबडीत, एका नवख्या नर्सने दुधाची नळी शिरेच्या नळीला जोडली. खाटेवरची बाई अर्ध्या तासात गेली. दोन लहान मुलांची आई. मेट्रनबाई म्हणाल्या, "चार वाजता नळी तपासली, एवढंच लिही गं. वॉर्डाची अब्रू आहे." सिस्टरांनी लिहिलं. तपासली नव्हती. त्या एका ओळीने सगळे सुटले आणि ती पोर एकटी सापडली. नोकरीवरून काढल्यावर जाताना एवढंच म्हणाली, "सिस्टर, ती नळी सहज बसली हो."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "सरांनी हा नमुना पाहिलेला नाही."

"अहो, पण कामच मरेल!"

"कळतंय मला."

त्यांनी लिहिलं, 'उपस्थित दोन. सभा झाली नाही. नियमाप्रमाणे गट बंद.' टर्नरने हात पँटला दोनदा पुसले आणि सही केली.

वाचनालयाचे लेखनिक दारात आले. "मग ही वेळ बुद्धिबळवाल्यांना देऊ? कधीचे मागे लागलेत."

"द्या," सिस्टर म्हणाल्या.

बाहेर दारावर गटाचं नाव रंगवलेली पाटी होती. सिस्टरांनी रुमाल ओला करून घासली. अक्षरं ऑइलपेंटची, हलेनात.

"राहू द्या हो," टर्नर म्हणाला. "उद्या थिनर आणतो मी."

"आजच पुसायला हवी. नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल, इथे कुणीतरी हे काम करतंय."

आणि त्या नखाने पहिलं अक्षर खरवडू लागल्या.